भागीतला क्रेट

आप्पा, मी पुन्हा शाळेत जायला लागले आहे. चाळिशी आली, कानाजवळचे केस पांढरे झाले, आणि रोज सकाळी डबा भरून मी केडगावहून शिरूरची एसटी धरते. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न विचारला असतात, कितवीत? त्याचं उत्तर मलाही नीट देता येत नाही. कॉम्प्युटरला कामं कशी सांगायची, त्याची भाषा शिकवणारा हा काही महिन्यांचा वर्ग आहे, आणि त्याला बूटकॅम्प म्हणतात. आईला हा शब्द सांगितला तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. "बुटाचं शिकायला शिरूर कशाला गाठायचं गं? केडगावात दुकानं न्हाईत व्हय?" म्हणाली. मी समजावून सांगितलं, तिनं मान डोलावली, आणि संध्याकाळी शेजारणीला सांगितलं की लेक बुटाच्या कंपनीत लागली. आपल्या खुटबावात आता हीच बातमी पक्की झाली आहे. मी ती खोडत बसत नाही, कारण खरी बातमी सांगणं त्याहून अवघड आहे.

खरी बातमी अशी की रांजणगावच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं स्टोअरला होते. आत येणाऱ्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर करायची, हे माझं काम. माझ्या नोंदीत चूक सापडत नाही अशी माझी ख्याती होती, आणि खोटं कशाला सांगू, त्या ख्यातीवर मी जगत होते. मग नवीन सिस्टीम आली. आता माल गेटवर आला की खोक्यावरच्या पट्ट्या मशीन वाचतं आणि नोंद आपोआप होते. माझ्या खुर्चीचं काम उरलं नाही. मला वाईट वाटलं, पण त्यापेक्षा राग जास्त आला. जे माझ्या खुर्चीवर येऊन बसलं ते आहे तरी काय, हे बघायचंच असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, या वयात? मी म्हटलं, याच वयात. हा हेकटपणा कुणाकडून आला ते तुम्हाला सांगायला नको.

वर्ग ठिबकच्या पाइपांच्या दुकानावर माडीला भरतो. रांगा नाहीत, बाक नाहीत, गोल टेबलं आहेत. शिकवणारे सर माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत आणि मला ताई म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला: इथं कुणी एकट्यानं काम करायचं नाही. एका कॉम्प्युटरवर दोघं बसायचं. एक टाइप करेल, तो ड्रायव्हर. दुसरा बघेल आणि सांगेल. थोड्या वेळानं अदलाबदल करायची. अडलं की आधी शेजाऱ्याला विचारायचं, मग मला. मी तोंडाचा आ करून ऐकत होते. तुम्ही शिकवायचात त्या वर्गात हे वाक्य कुणी उच्चारलं असतं तर त्याला तुम्ही व्हरांड्यात उभं केलं असतंत.

माझ्या जोडीला आली इनामगावची एक पोरगी. नुकतीच बी.एस्सी. झालेली, घरी टोमॅटोचं आणि झेंडूचं रान, बोलायला फटकळ. सरांचा नियम तिनं मला लगेच सोपा करून सांगितला. "ताई, ट्रॉली मागं घेताना कसं, एकजण ट्रॅक्टरवर अस्तो आन् एकजण मागं उभा ऱ्हाऊन वरडतो, डावीकडं घे, डावीकडं घे. तसंच हाय." मग मला ट्रॅक्टरवर बसवून ती मागं उभी राहिली, म्हणजे माझ्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसली. मी टाइप करायला लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हात काढा की. दिसंना मला काय." तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजव्या हातानं मी एकेक अक्षर दाबत होते आणि डावा हात पडद्याच्या कडेला आडवा धरला होता, तिला दिसू नये असा. मी तो काढला. जरा वेळानं तो पुन्हा तिथंच गेला.

हा हात तुम्हाला ओळखीचा आहे. चौथीचा वर्ग आहे, जमीन शेणानं सारवलेली आहे, आणि तुम्ही फळ्यावर गणित घालता आहात. घालून झालं की तुमचा आवाज येतो, पाट्या झाका. सगळा वर्ग एकदम डाव्या हाताचा आडोसा करतो. दुसऱ्याच्या पाटीत डोकवायचं नाही आणि आपली दाखवायची नाही. मला तर तुम्ही सगळ्यांपासून बाजूला, दाराजवळ, एकटीला पोत्यावर बसवता. गुरुजींच्या पोरीला सगळे सांगतात असं उद्या कुणी म्हणायला नको. एक दिवस शेवंतीची वेणी घातलेली एक मुलगी पाणी प्यायला जाता जाता माझ्याजवळ रेंगाळते आणि कुजबुजते, हातचा कुठं घ्यायचा गं? मी हात उचलते आणि तिला पाटी दाखवते. तुम्ही बघता. जवळ येता, तळहातानं माझी पाटी पुसता, मग तिची. माझं गणित बरोबर होतं. तुम्ही म्हणता, "दोघींचं सारखं आलं म्हणजे एकीलाच आलं. कुणाला ते मला कळत नाही. म्हणून दोघींना शून्य."

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवत नव्हते. आई चुलीपुढं होती. तुम्ही शाळेचा सदरा खुंटीला लावून स्वयंपाकघरात आलात, तव्यावरची भाकरी स्वतःच्या हातानं माझ्या ताटलीत घातलीत, वर लोणी ठेवलंत. लोणी तुमच्या वाट्याचं होतं. घरी तुम्ही वेगळे बोलायचात, वर्गातली भाषा व्हरांड्यातच ठेवून यायचात. "पोरी, आपलं आपल्याला आलं की कुणाच्या दारात जावं लागत न्हाई," म्हणालात. मी लोण्याबरोबर ते वाक्यही गिळलं, आणि ते मला लागू पडलं हेही सांगते. दहावी, बारावी, टायपिंग, ती कंपनी, सगळीकडं मी कुणालाही न विचारता पोचले. लोक म्हणायचे, हिला काही सांगावं लागत नाही. मला ते फार आवडायचं.

शिरूरला मात्र माझी पुरती फजिती व्हायला लागली. काही अडलं की मी पाणी प्यायला म्हणून उठायची, जिन्यात जाऊन मोबाईलवर उत्तर शोधायची आणि परत येऊन जणू आत्ताच सुचलं अशा चेहऱ्यानं टाइप करायची. पोरगी काही दिवस बघत राहिली. मग एकदा म्हणाली, ताई, तुम्हाला शुगर आहे का, सारखं पाणी लागतं. मी हो म्हटलं. आप्पा, मला साखरेचा आजार कबूल करणं सोपं गेलं, पण मला हे येत नाही, एवढं वाक्य तोंडातून निघेना.

पुढं प्रत्येक जोडीला खरं काही बनवायचं काम मिळालं. आमचा विषय पोरीनंच सुचवला. तिचा चुलता टेम्पो चालवतो. संध्याकाळी आजूबाजूच्या रानांतून टोमॅटोचे क्रेट गोळा करून तो ते पुण्याला मार्केटला नेतो. सगळे क्रेट दिसायला सारखे, त्यामुळं कुठला कुणाचा यावरून दर आठवड्याला तोंडं सुटतात. तर मोबाईलवर एक पान करायचं: क्रेटचा नंबर, मालकाचं नाव, कुठल्या गाळ्यावर उतरवायचा. निम्मं काम ती लिहिणार, निम्मं मी. दोघींचं एकत्र एका ठिकाणी ठेवलेलं असतं. एकीनं बदल करून वर चढवला की दुसरीलाही तोच दिसतो. शेवटी हे सगळं काही कंपन्यांच्या माणसांसमोर दाखवायचं होतं, आणि त्यातूनच पुढं कामाला घेतात. माझा सगळा जीव त्या दिवसात अडकला होता.

एका रविवारी, घरातले सगळे लग्नाला गेलेले असताना, मी तिचं काम उघडून वाचलं. काय सांगू तुम्हाला. नावं अशी दिलेली, की कुठं काकाचा_माल, कुठं बघू_नंतर, कुठं नुसतंच हे_चालतंय. मधल्या ओळी आत-बाहेर, जागाच सुटलेल्या नाहीत. आणि एक घोडचूक: एकाच क्रेटला दोन मालकांची नावं लागत होती. माझ्या स्टोअरमध्ये एका खोक्याला दोन नावं म्हणजे गहजब झाला असता. मी बसले आणि तिचं सगळं काढून नव्यानं लिहिलं. सरळ नावं दिली, ओळी नीट लावल्या, आणि एका क्रेटला एकच मालक असा पक्का बंदोबस्त केला. दुपारी वर चढवलं. आप्पा, त्या दुपारी मी खूश होते. वाटलं, उद्या ती बघेल आणि म्हणेल, ताई, किती केलंत माझ्यासाठी.

सोमवारी तिनं उघडलं आणि वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवून बघितलं. मग म्हणाली, "ताई, माझं कुठं गेलं?" मी सांगितलं की सगळं नीट केलंय, एका क्रेटला दोन नावं येत होती ती चूकही काढलीय. "चूक न्हवती ती," ती म्हणाली. "त्यो भागीतला क्रेट हाय." तोडणी संपली की दोन शेजाऱ्यांकडं थोडा थोडा माल उरतो. अर्धा क्रेट टेम्पोवाला घेत नाही, मग दोघं मिळून एक भरतात आणि पैसे वाटून घेतात. हे तिच्या घरी रोजचं. क्रेटांवरून भांडणं होत होती ती मुख्यतः याच भागीतल्या क्रेटांवरून, आणि तिला हे पान करायचं होतं तेच मुळी त्यासाठी. मी नेमकं तेवढंच काढून टाकलं होतं. "इचारलं का न्हाई मला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून.

सरांनी तिचं जुनं काम लगेच परत आणून दिलं, कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते. पण ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तोडणी चालू आहे असा निरोप आला. सर मला बाजूला घेऊन म्हणाले की तिच्या कामात चुका होत्या हे खरं, त्या आजही आहेत, पण एकटीनं केलेलं मी बघणार नाही आणि कुणाला दाखवूही देणार नाही. ती नसेल तर तुमचं सादरीकरणही नाही. मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हणाले, तिला विचारा.

संध्याकाळच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मला तुमचा राग आला. पहिल्यांदाच आला. न्हावरा गेलं, भीमेचा पूल गेला, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती, आणि माझं तेच वाक्य डोक्यात फिरत होतं, तुला त्रास नको म्हणून. हे वाक्य मी तुमच्या मातीला ऐकलं होतं. गावातला प्रत्येक माणूस तेच बोलत होता: गुरुजींनी जाताना कुणाला त्रास दिला नाही. त्या सकाळी छातीत दुखायला लागल्यावर तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात, लुना काढलीत, आणि एकटे केडगावला जाऊन दवाखान्यात नंबर लावून बसलात. तुमच्या पुढं तापानं फणफणलेलं एक पोर होतं आणि बोट कापलेला एक माणूस. मला आधी जाऊ द्या, असं तुम्ही कुणाला म्हणाला नाहीत. तुमचं नाव पुकारलं तेव्हा तुमची मान बाकावर कलली होती. शेजारच्याला वाटलं, गुरुजींना डुलकी लागली. इतकी वर्षं मी ही गोष्ट अभिमानानं सांगत आले. सासरी सगळ्यांना सांगितली, पोरांना सांगितली. त्या एसटीत पहिल्यांदा मला ती गोष्ट भयंकर वाटली. मी तोंडाला पदर लावून रडले. कंडक्टरनं विचारलं, ताई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला न जाता न्हावऱ्याला उतरले आणि मिळेल त्या जीपनं इनामगावला गेले. ते जुन्या काळच्या वस्तीचं खोदकाम झालेलं टेकाड आहे ना, त्याच्या अलीकडं घोड नदीच्या बाजूला त्यांचं रान. पोरगी डोक्याला टॉवेल बांधून तोडणीत होती, चुलती आणि दोन बायका बरोबर. मला बघून तिनं हातातलं काम सोडलं नाही. मीही वाक्य पाठ करून गेले होते, माफ कर वगैरे. ते सगळं विसरले. बांधावर उभी राहून म्हटलं, "मला येत नाही. एका क्रेटला दोन नावं कशी लिहायची ते मला येत नव्हतं, म्हणून मी ते चूक ठरवलं." हे मी म्हणेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण खरं तेच होतं. मला ते वाचताच आलं नव्हतं.

तिनं टॉवेलनं तोंड पुसलं. "मंग पाणी प्यायला जात हुता ते?" मी म्हटलं, शुगर नाही मला. चुलती हसली. पोरगी हसली नाही. टॉवेल पुन्हा डोक्याला बांधता बांधता म्हणाली, "मलाबी धड येत न्हाई ताई. दोन नावं लागली की बेरीज चुकती. म्हणूनच बघू नंतर असं लिवलं हुतं. तुमाला इचारनार हुते, पर तुमी मोठ्या. तुमाला समदं येतं असं वाटायचं." मग माझ्याकडं एक रिकामा क्रेट सरकवून म्हणाली, उभ्या कशाला, भरा, उद्या येते मी. मी साडी खोचली आणि वाकले. चुलतीनं दोनदा माझ्या हातातले टोमॅटो परत काढून टाकले, फार पिकलेले घेत होते म्हणून. मी विचारलं, मग कसले घेऊ? तिनं दाखवलं.

त्यानंतर आम्ही खरोखर जोडीनं कामाला बसलो. बेरीज जमायला बरेच दिवस लागले, आणि आमची भांडणंही झाली. तिच्या ओळी अजून आत-बाहेर असतात आणि मी अजून वैतागते, पण आता तिला सांगून वैतागते. परवा सादरीकरण झालं. भागीतला क्रेट दोन नावांनी नीट उतरला, आणि गाळ्याचा नंबर दाखवायच्या जागी पान कोरं आलं. कंपनीच्या बाईंनी विचारलं, हे का? आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि मी म्हटलं, अजून कळलेलं नाही, शोधतो आहोत. निकाल अजून यायचा आहे.

हे पत्र मी कालच संपवलं होतं. पाठवायचं नाही, पाठवायला पत्ता तरी कुठला, म्हणून वहीत ठेवलं होतं. आज एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना काय वाटलं कुणास ठाऊक, तिला वाचायला दिलं. तिनं उसाचा रस प्यायचा सोडून सगळं वाचलं. मला वाटलं, स्वतःबद्दलचं वाचून चिडेल. ती म्हणाली, "समदं सांगितलंय त्यास्नी. इचारलं काईच न्हाई." मी म्हटलं, गेलेल्या माणसाला काय विचारायचं? तिनं खांदे उडवले आणि वही माझ्या हातात दिली. तिची गाडी आधी आली.

म्हणून आता विचारते. त्या सकाळी मी घरातच होते, आप्पा. माहेरपणाला आलेली, मागल्या दारी भांडी घासत होते. लुना भिंतीला लावलेली होती तिथून मी चार पावलांवर होते. तुम्ही मला हाक का मारली नाहीत? मी आले असते. हात पुसत बसले नसते, तशीच आले असते. तुम्हाला मागं बसवून मी लुना चालवली असती, आणि दवाखान्यात शिरून त्या सगळ्या माणसांना म्हटलं असतं, माझ्या वडिलांना आधी आत घ्या. मला ते जमलं असतं. का नाही मारलीत हाक?

याचं उत्तर येणार नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी एवढं लिहून झाल्यावर मी थोडा वेळ पेन खाली ठेवून थांबले होते.